बिनकामाचं उड्डाण
हौशी वैमानिकानं छोटं विमान काढून नागपूरच्या सोनेगावहून अमरावतीच्या बेलोऱ्याला उतरायचं, चहा प्यायचा आणि दुपारी परत! आम्हां बँकवाल्यांना हा हिशेब पटत नाही. नावे पेट्रोल, जमा शून्य. पण १९३२ साली टपाल घेऊन केलेलं कराची-मुंबई उड्डाण जे. आर. डी. टाटांनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, एकट्यानं पुन्हा केलं, तेव्हा कुणाचं टपाल अडलं होतं? कामासाठी माणूस कुठंही जातो. बदली झाली की मुकाट्यानं सिरोंच्यालाही जातो. बिनकामाचा निघतो तेव्हाच तो आपल्या मर्जीनं निघतो. मग आयुष्याच्या जमेला धरायचं काय? खातेवहीत उत्तर नाही. येत्या रविवारी सायकलनं फुटाळ्याला जाणार आहे. काम? छे हो, काहीच नाही!