गुरुजींनी जे पाहिले, ते मुलांना कसे सांगावे?

पवित्र भूमीहून परत आलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने येत नाही. यार्देन नदीच्या पाण्याची बाटली, ऑलिव्हच्या लाकडाची रोझरी, बेथलेहेममधला हातभर लांबीचा गोठा असे काही ना काही शेजारपाजाऱ्यांसाठी येतेच. पण शिक्षक जेव्हा अभ्यास-सहलीवर इस्रायलला जातो, तेव्हा तो आणखी एक गोष्ट बरोबर आणतो, आणि तिचे वजन विमानतळावर कोणी करत नाही. ती म्हणजे ‘मी स्वतः पाहिले आहे’ हे वाक्य.

हे वाक्य भारी आहे. यात्रेकरू आपल्या आत्म्यासाठी जातो, त्याने जे अनुभवले ते त्याच्यापाशी राहते. शिक्षकाचे तसे नाही. त्याच्या वर्गात पन्नास-साठ मुले असतात, दरवर्षी नवी तुकडी येते, आणि ‘मी पाहिले आहे’ म्हटल्यावर त्यातले एकही मूल हात वर करून ‘कशावरून?’ असे विचारत नाही. म्हणून वाचकहो, प्रश्न असा आहे : ज्यांनी आपल्याला नेले, दाखवले, जेवूखाऊ घातले, त्यांचे आपण ऋणी असतो. आणि जी मुले आपल्यापुढे बसतात, त्यांना आपण सत्य देणे लागतो. ही दोन्ही देणी एकाच वेळी फेडता येतात का?

सोप्या गोष्टीपासून सुरुवात करू. गालील सरोवराच्या काठी गिनोसार नावाचा किबुत्झ आहे. १९८६ साली दुष्काळामुळे सरोवराचे पाणी खूप खाली गेले होते. तेव्हा तिथल्या दोन मच्छीमार भावांना चिखलात रुतलेली एक जुनी नाव दिसली. ती सुमारे आठ मीटर लांबीची आणि पहिल्या शतकाच्या आसपासची निघाली. पाण्याने मऊ झालेले तिचे लाकूड भुगा होऊ नये म्हणून तिला फोममध्ये गुंडाळून, तरंगवत काठाला आणले आणि पुढे कित्येक वर्षे रसायनात बुडवून ठेवले. आज ती तिथल्या संग्रहालयात आहे. सहलीच्या बसमध्ये तिचे नाव ‘येशूची नाव’ असे सांगितले जाते. आता खरे पाहता येशूचा किंवा पेत्राचा या नावेशी संबंध होता, असे दाखवणारा कोणताही पुरावा नाही. तो दावा संशोधकांनीही केलेला नाही.

मग मुलांना काय सांगायचे? मला वाटते, जे खरे आहे तेच जास्त बोलके आहे. ही नाव दहा-बारा वेगवेगळ्या जातींच्या लाकडांची बनली आहे. जुन्या नावांच्या फळ्या काढून, ठिगळे लावून मालकाने ती वर्षानुवर्षे चालवली. जाळी विणणाऱ्या, बोटी डागडुजी करणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना हे लगेच कळेल. शिष्य कोणत्या परिस्थितीतून आले, कशावर पाणी सोडून येशूच्या मागे गेले, हे त्या ठिगळांमधून जितके समजते तितके ‘हीच ती नाव’ या खोट्या खात्रीतून समजत नाही.

येरुशलेमला हा पेच जरा वाढतो. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाईनने उभारलेले पवित्र कबरीचे मंदिर जुन्या शहरात आहे. सहा ख्रिस्ती पंथ त्यात दाटीवाटीने उपासना करतात आणि दाराची किल्ली पिढ्यान् पिढ्या मुस्लिम घराण्यांकडे आहे. शहराच्या तटाबाहेर ‘बागेतील कबर’ नावाचे दुसरे ठिकाण आहे. जनरल गॉर्डन या इंग्रज अधिकाऱ्यामुळे ते १८८३ नंतर प्रसिद्ध झाले. ते शांत आहे, हिरवेगार आहे, आणि शुभवर्तमान वाचताना आपल्या मनात जे चित्र उमटते तसेच आहे. पण बहुतेक पुरातत्त्वज्ञांच्या मते ती कबर येशूच्या काळाहून कितीतरी शतके जुनी आहे. गर्दी, धूप आणि भांडणे असलेल्या जागेच्या बाजूने पुरावा अधिक आहे, आणि मनाला भावणाऱ्या जागेच्या बाजूने कमी. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे उघड सांगितले तर मुलांची श्रद्धा डळमळेल, अशी भीती काहींना वाटते. मला उलटी भीती वाटते. दहावीपर्यंत ‘हीच ती जागा’ ऐकलेले मूल कॉलेजात गेल्यावर इंटरनेटवर वाचते की तसे नाही. मग ते जागेबरोबर पुनरुत्थानावरही पाणी सोडते. ‘परंपरा असे सांगते’ हे तीन शब्द शिक्षकाने सुरुवातीलाच उच्चारले तर त्याचे काही बिघडत नाही.

इथवर प्रश्न माहितीचा होता. मसादाच्या डोंगरावर तो हेतूचा होतो. मृत समुद्राकाठच्या या किल्ल्यावर रोमन सैन्याने वेढा घातला, तेव्हा आतल्या ज्यूंनी शरण जाण्याऐवजी मरण पत्करले, अशी कथा जोसिफस या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. मृतांचा आकडा ९६० असून दोन स्त्रिया आणि पाच मुले वाचली, असे तो सांगतो. १९६३ ते १९६५ या काळात यिगाएल यादीन यांनी तिथे उत्खनन केले. नव्या राष्ट्राला अशा कथेची गरज होती. शाळांच्या सहली वर चढू लागल्या, सैनिकांचे शपथविधी तिथे होऊ लागले. पण त्याच जोसिफसने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. याच बंडखोरांनी एन-गेदी या ज्यू गावावर धाड घालून सातशेहून अधिक स्त्रिया-मुलांना ठार केले होते. ही गोष्ट कथेतून बरीच वर्षे गळली होती. ती गळली कशी, याचा शोध नखमान बेन-येहुदा या इस्रायली प्राध्यापकानेच घेतला आणि १९९५ साली त्यावर पुस्तक लिहिले. हे मला महत्त्वाचे वाटते. यजमानाच्या घरातही प्रश्न विचारणारी माणसे असतात, मग पाहुण्याने प्रश्न विचारणे हा कृतघ्नपणा कसा? (आपल्या वसईच्या किल्ल्याचा १७३९ चा इतिहास सांगतानाही कोण सांगतो आणि कोणापुढे सांगतो, यावर बरेच अवलंबून असते, हे आपण जाणतोच.)

आता याद वाशेम. इथे आवाज खाली आणावा लागतो. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे हे स्मारक. जगभरच्या शिक्षकांसाठी इथे अभ्यासवर्ग चालतात. मारल्या गेलेल्या सुमारे पंधरा लाख मुलांसाठी १९८७ साली इथे एक काळोखे दालन उघडले गेले. मोजक्याच मेणबत्त्या आरशांमुळे असंख्य होऊन दिसतात, आणि एकेका मुलाचे नाव, वय, देश ऐकू येत राहतो. जवळच यानुश कोर्चाक या पोलिश ज्यू डॉक्टर-शिक्षकाचे शिल्प आहे. वॉर्सात ते अनाथाश्रम चालवत. १८ जुलै १९४२ रोजी त्यांनी आपल्या मुलांकडून रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ हे नाटक बसवून घेतले होते. मरणाकडे निघालेल्या एका आजारी मुलाचे ते नाटक आहे. पुढच्याच महिन्यात त्या सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आले. कोर्चाकना सुटण्याची संधी होती. ते मुलांबरोबर गेले.

पण एका कॅथलिक शिक्षकाने याद वाशेमहून आणखी एका शिक्षकाची आठवण घेऊन यावे, असे मला वाटते. झ्यूल इझाक हे फ्रान्समधले इतिहासाचे शिक्षक. त्यांची पाठ्यपुस्तके फ्रेंच मुलांच्या पिढ्यांनी वाचली. ते ज्यू होते म्हणून १९४० साली त्यांना शिक्षणखात्यातून काढण्यात आले, आणि १९४३ मध्ये त्यांची पत्नी व मुलगी यांना पकडून आउश्वित्झला नेऊन मारण्यात आले. या माणसाने सूड म्हणून काही केले नाही. तो शुभवर्तमान आणि ख्रिस्ती धर्मशिक्षणाची पुस्तके समोर ठेवून बसला आणि तपासत राहिला : ‘ज्यूंनी देवाला मारले’ हे मुलांना किती शतके, किती सहजपणे शिकवले गेले? त्याने त्याला ‘तिरस्काराची शिकवण’ असे नाव दिले. १३ जून १९६० रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ते पोप जॉन तेविसावे यांना भेटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा दस्तऐवज जाहीर केला आणि स्पष्ट केले की, येशूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व ज्यूंवर सरसकट ठेवता येत नाही, आजच्या ज्यूंवर तर नाहीच. इझाक तोवर वारले होते.

हे वाचून कोणी म्हणेल, ‘हा युरोपचा इतिहास, आपला काय संबंध?’ संबंध आहे. गुड फ्रायडेच्या नाटकात, धर्मशिक्षणाच्या वर्गात, कधी कधी प्रवचनातही ‘ज्यू लोक’ हा शब्द आपण आजही खलनायकाच्या जागी वापरतो. येशू ज्यू होता, पवित्र मरिया ज्यू होती, बारा प्रेषित ज्यू होते, हे सांगायचे आपण विसरतो. याद वाशेमला डोळे पुसून आलेल्या शिक्षकाने परत येऊन तेच जुने वाक्य वर्गात म्हटले, तर त्या अश्रूंचा उपयोग काय झाला?

आणि आता अवघड भाग. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत जे नसते त्याचे काय? उत्तर गालीलमध्ये, लेबनॉनच्या सीमेजवळ बारआम नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. प्राचीन सभास्थानाचे देखणे अवशेष पाहण्यासाठी लोक तिथे जातात. त्या अवशेषांच्या शेजारीच आणखी काही पडक्या भिंती आहेत. ते बिरइम हे मारोनाईट कॅथलिक लोकांचे गाव. नोव्हेंबर १९४८ मध्ये सैन्याने गावकऱ्यांना बाहेर काढले आणि लवकरच परत येता येईल असे सांगितले. ते परत येऊ शकले नाहीत. १९५३ साली गाव विमानातून बॉम्ब टाकून उद्ध्वस्त करण्यात आले. फक्त चर्च उभे राहिले, आणि त्या गावकऱ्यांची नातवंडे आजही मिस्सासाठी, लग्नासाठी तिथे येतात. प्राचीन दगडांसमोर उभे राहून शंभर पावलांवरचे सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे दगड न पाहणे शक्य आहे. गाईडने तोंड वळवले की आपलेही वळते.

बेथलेहेमलाही हेच. २००२ पासून उभारलेली भिंत ओलांडल्याशिवाय येरुशलेमहून तिथे जाता येत नाही. पोप फ्रान्सिस २०१४ मध्ये तिथे असताना गाडीतून उतरले आणि त्या भिंतीला हात टेकवून काही वेळ उभे राहिले. एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते याद वाशेमला गेले आणि संहारातून वाचलेल्या वृद्धांच्या हातांचे त्यांनी चुंबन घेतले. काही लोकांना यातली एकच गोष्ट आठवते. कोणाला कोणती आठवते, यावरून तो माणूस कोणत्या बाजूचा हे ओळखता येते, इतकी वाईट वेळ आली आहे.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो माणसे मेली, त्यात हजारो मुले होती. गाझामध्ये कॅथलिकांचा एकच धर्मग्राम आहे, पवित्र कुटुंबाचा. पोप फ्रान्सिस आजारपणातही तिथे जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत. १७ जुलै २०२५ रोजी त्या चर्चवर इस्रायली तोफगोळा पडला, तिघे मृत्युमुखी पडले आणि धर्मगुरू जखमी झाले. इस्रायलने खेद व्यक्त केला. या सगळ्यानंतर कोणी विचारेल, अशा देशात शिक्षकांनी सहलीला जावेच कशाला? मी म्हणेन, शांतता असेल तेव्हा जावे. न गेल्याने अज्ञान पवित्र होत नाही. पण जाताना यजमानाला आधीच सांगावे की आम्हाला बारआमचे सभास्थान पाहायचे आहे आणि शेजारचे चर्चही, याद वाशेमचा पूर्ण दिवस हवा आहे आणि बेथलेहेममधल्या एखाद्या शाळेतले शिक्षकही भेटायला हवेत. जो यजमान याला नाही म्हणतो, त्याच्याकडून तिकीट घेऊ नये. कांदे-बटाटे तोलावेत तशी दोन दुःखे तागडीत घालून समान करायची, असे मी म्हणत नाही. समानही ती नसतील. मुलांपुढे एकाचे नाव घ्यायचे आणि दुसरे गिळायचे, हे मात्र करू नये. ऋण मानणे म्हणजे गप्प राहणे नव्हे.

एक दालन मात्र कोणत्याही गाईडपेक्षा आपल्याला अधिक उघडे आहे. इस्रायलमध्ये दिमोना, लोद, बीरशेबा, अश्दोद या गावांत आजही मराठी बोलणारी ज्यू कुटुंबे आहेत. हे आपल्या कोकणातले बेने इस्रायल. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचले. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शेजाऱ्यांनी त्यांचा छळ केला नाही. गंमत आणि दुःखाची गोष्ट अशी की, इस्रायलला गेल्यावर तिथल्या धर्मपीठानेच १९६२ च्या सुमारास त्यांच्या ज्यूपणाबद्दल शंका घेतली आणि लग्नासाठी वंशावळीची चौकशी सुरू केली. त्यांनी येरुशलेमला धरणे धरले. १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तिथे काढले.

धर्मशिक्षणाच्या मुलांना ‘ज्यू’ हा शब्द पहिल्यांदा कुठे भेटावा, कैफाच्या वाड्यात की तेल्याच्या घाण्यावर? माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथे सभास्थान आहे. गेटवेहून मांडव्याची लाँच पकडली तर एका दिवसात जाऊन येता येते, आणि त्यासाठी पासपोर्ट लागत नाही. पुढच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील धर्मशिक्षकांनी आधी विचारून, परवानगी घेऊन तिथे जाऊन यावे. शनिवार मात्र टाळावा, त्या दिवशी त्यांचा शब्बाथ असतो.