पत्रा, कवच आणि अभय

कोकणातल्या पावसहून पूर्णगडाकडे जाणारा रस्ता डांबरी आहे आणि स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमंदिरापर्यंत तर साधी छोटी मोटारही बिनबोभाट जाते. हा रस्ता सोडून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चाक घातलं की मात्र गाडीच्या पोटाची परीक्षा सुरू होते. जांभ्याचा कातळ लांबून सपाट दिसतो. जवळ गेल्यावर त्यातले खळगे, धारदार कडा आणि गवतात दडलेले दगड कळतात. थार जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आणि जिम्नी २१०, म्हणजे जेमतेम वीतभर. तेवढ्यात दगड मावला नाही तर इंजिनाखालचा तेलाचा चेंबर फुटतो, तेल वाहून जातं आणि चालवणाऱ्याच्या ध्यानात येईपर्यंत इंजिन जाम झालेलं असतं. म्हणून पुढच्या बंपरखालून इंजिनाच्या पोटापर्यंत जाड पत्रा बसवतात. विकणारे त्याला स्किड प्लेट म्हणतात, गॅरेजात ‘इंजिन गार्ड’ म्हटलं की भागतं. चांगला कारागीर चासीला नवी भोकं पाडत नाही, आहेत त्याच भोकांत बोल्ट आवळतो. तेल काढायच्या बुचासमोर पत्र्याला खिडकी ठेवतो, नाहीतर दर वेळी तेल बदलताना अख्खा पत्रा उतरवावा लागतो. इंजिनाला वारा लागावा म्हणून फटी ठेवतो. या फटींतूनच कोकणातला लाल चिखल आत जाऊन बसतो आणि खाऱ्या हवेत लोखंडाला गंज धरतो, हा भाग वेगळा. अॅल्युमिनियम हलकं आणि दगडावरून घसरणारं, लोखंड स्वस्त आणि जड. इतका सगळा खटाटोप माणूस भीतीपोटी करतो की शहाणपणापोटी, आणि श्रद्धावान माणसाला तो शोभतो का, हा प्रश्न वाटतो तितका फुटकळ नाही.

ज्या गाडीखाली पत्रा असतो, तिच्याच काचेवर पुष्कळदा ‘ॐ राम कृष्ण हरि’ लिहिलेलं असतं आणि बंपरला लिंबू-मिरची लोंबत असते. यावर दोन्ही बाजूंनी टोमणे येतात. देवावर भरवसा आहे तर पत्रा कशाला, असं एक विचारतो. पत्रा आहे तर देव कशाला, असं दुसरा. दोघांनाही श्रद्धा आणि खबरदारी एकमेकींच्या सवती वाटतात. आपल्याकडची परंपरा तसं मानत नाही. तिन्हीसांजेला घरोघर म्हटली जाणारी रामरक्षा हे कवचच आहे आणि ते मस्तकापासून पायांपर्यंत एकेक अवयव मोजत जातं. कपाळाला वेगळं नाव, डोळ्यांना वेगळं, गुडघ्यांना वेगळं. शरीर कुठे कुठे उघडं पडतं याची इतकी बारकाईनं दखल घेणारा भक्त गाडीचा चेंबर उघडा आहे म्हणून पत्रा लावतो, यात विसंगती काढायची तर आधी त्या स्तोत्रातच काढावी लागेल. या कवचात पायांचं रक्षण ज्या रामाकडे सोपवलं आहे, त्याची ओळख बिभीषणाला वैभव देणारा अशी करून दिली आहे, म्हणजे शत्रूच्या गोटातून शरण आलेल्याला ज्यानं अभय दिलं तो राम. आपले पाय सुरक्षित राहावेत म्हणून दुसऱ्याला निर्भय करणाऱ्याची आठवण काढायची, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा तपशील नव्हे. कवचाबद्दल विचारायचा खरा प्रश्न मला त्यात दिसतो. कवच घातलं की नाही हा मुद्दा गौण आहे. ते घातल्यावर भीती नाहीशी झाली की नुसती दुसऱ्याच्या गळ्यात पडली, हे पाहायला हवं.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते. त्यावर ज्ञानदेव म्हणतात ते असं : जो महापुरात उडी घालत नाही त्याला बुडायची धास्ती नाही आणि ज्याच्या घरी पथ्य पाळलं जातं तिथे रोगाची गणती नाही. म्हणजे अभयाची पहिली पायरी चिलखत ही नसून पथ्य ही आहे. दुसरी पायरी त्याहून वरची. पाणी मिठाला बुडवायला येतं तेव्हा मीठच पाणी होऊन जातं; दुसरं कुणी उरलंच नाही तर भ्यायचं कुणाला? हीच ज्ञानेश्वरी पावसमध्ये स्वरूपानंदांनी सोप्या अभंगांत आणली. देसायांच्या ‘अनंत निवासा’त त्यांनी चाळीस वर्षं काढली आणि १५ ऑगस्ट १९७४ रोजी तिथेच देह ठेवला. तरुणपणी स्वातंत्र्यलढ्यात येरवड्याचा तुरुंग पाहिलेला हा माणूस धोक्याला घाबरून घरात बसला असं कुणी म्हणणार नाही. असं अभय मोटारवाल्याच्या आवाक्यातलं नाही, हे कबूल. पथ्याची पायरी मात्र त्याच्या आवाक्यात नक्कीच आहे.

आता कवचांतला फरक पाहू. बंपरच्या पुढे लावतात ते लोखंडी नळ्यांचे ‘बुलबार’ आणि बंपरच्या खाली लावतात तो पत्रा, दोन्ही एकाच दुकानात मिळतात आणि दोन्हींना गार्डच म्हणतात. पण कारखान्यातून येणारा बंपर आणि त्यामागची पत्र्याची रचना चेपण्यासाठीच केलेली असते. ती चेपते म्हणून धडकेचा जोर कमी होतो. बुलबार हा जोर थेट चासीकडे पाठवतो, एअरबॅगच्या संवेदकांचा अंदाज चुकवू शकतो आणि समोर पादचारी किंवा सायकलवाला असेल तर त्याच्या हाडांवर अख्खा लोखंडी दांडा आदळतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं, ते याच कारणानं. मालकाची भीती इथे कमी होत नाही, ती पायी चालणाऱ्याच्या अंगावर ढकलली जाते. खालच्या पत्र्याचं तसं नाही. तो दगडाला सामोरा जातो, माणसाला नाही. आणि दगडाला भीती नसते. संन्यास घेणारा सर्व प्राणिमात्रांना आपल्यापासून अभय देतो, त्या कसोटीवर बुलबार उघड नापास होतो. पत्रा उत्तीर्ण होतो असं मात्र लगेच म्हणता येत नाही.

कारण पत्रा बसला की चालवणारा बदलतो. महाभारताच्या द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी द्रोणाचार्य दुर्योधनाच्या अंगावर मंत्रसिद्ध कवच बांधतात आणि एरवी अर्जुनासमोर एकटा गेला नसता तो दुर्योधन छाती काढून पुढे होतो. अर्जुनाचे बाण कवचावर वाया जातात. मग तो घोडे मारतो, धनुष्य तोडतो, उघड्या हातांचे तळवे विंधतो. गाडीखालच्या पत्र्याचंही असंच होतं. चेंबर वाचतो, टायरची बाजू कापली जाते. अर्थशास्त्री सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली अमेरिकेतल्या मोटारींबाबत दावा केला होता की सक्तीची सुरक्षासाधनं आली की चालक बेफिकीर होतात आणि आतल्यांचे वाचलेले प्राण बाहेरच्यांच्या प्राणांनी फिटतात. तो दावा जसाच्या तसा आज कुणी मान्य करत नाही. सीटबेल्टनं माणसं वाचतात याबद्दल शंका उरलेली नाही. पण रस्त्यावरच्या मोटारीला न लागणारी गोष्ट सड्यावरच्या गाडीला लागते, कारण तिथे पत्रा बसवायचा हेतूच मुळी एरवी जिथे गेलो नसतो तिथे जाणं हा असतो.

आणि सडा ओसाड नाही. कोकणातल्या कातळशिल्पांची ९ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पूर्णगडच्या खाडीपलीकडचं कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी ही त्यांतली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. रेघा मात्र इतक्या उथळ की उभ्या माणसालाही ऊन तिरपं नसलं तर दिसत नाहीत. चालकाच्या आसनावरून काय दिसणार? पावसाळ्यात याच कातळाच्या बोटभर मातीत कीटकभक्षी सीतेची आसवं फुलतात. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं वर्णन करताना ज्ञानदेव कमळावर उतरणाऱ्या भुंग्यासारखं, पायाखाली जीव असतील म्हणून हळूच टाकलेलं पाऊल दाखवतात. स्किड प्लेट नेमकं याच्या उलट शिकवते : खाली काय आहे ते बघायची गरज नाही, लागलं तर पत्र्याला लागेल.

यावर स्थानिक माणूस विचारील की चिरेखाणी सडेच्या सडे कापून नेतात तिकडे दुर्लक्ष करून चार हौशी जीपवाल्यांना अहिंसा शिकवण्यात काय हशील? आक्षेप खोटा नाही. नुकसानीच्या मापानं जीप खाणीच्या जवळपासही येत नाही. आंब्याच्या हंगामात बागेतून पेट्या आणणाऱ्या टेम्पोलाही मी या चर्चेत ओढणार नाही. त्याच्याखाली पत्रा असेल तर तो पोटापाण्याचा पत्रा आहे आणि त्याची वाट ठरलेली, मळलेली आहे. पण खाणीचा चिरा कुणाच्या तरी घराच्या भिंतीत जातो, तिला परवाना लागतो, तो नाकारता येतो, ग्रामसभेत तिच्याविरुद्ध उभं राहता येतं. कुठे काय कोरलेलं आहे हे कळल्यावर उक्षीत तिथल्या कोरलेल्या हत्तीभोवती जांभ्याचा गडगा घातला गेला; तेही संरक्षणच, फक्त गाडीच्या नव्हे, जमिनीच्या बाजूनं केलेलं. हौशी गाडीपुढे असलं काहीच नसतं. तिच्या चालकानं पत्रा जरूर बसवावा, पाणंदीत दगड लागला तर गाडी घरी परत यायला हवी. मात्र अनोळखी सड्याच्या तोंडाशी पोचल्यावर त्यानं गाडी लावून आधी पायी हिंडून यावं, आणि तेही ऊन कलल्यावर, म्हणजे रेघा दिसतात.