वाद, जल्प आणि श्रद्धेचे रक्षण

कुरुक्षेत्र ज्या हरियाणा प्रांतात आहे, त्याच प्रांतात गुरुग्रामजवळ मानेसर हे कारखान्यांचे नगर आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून तेथे जाऊन राहिलेल्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. सायंकाळी देवापुढे दिवा लागतो आणि यंत्रविद्या शिकलेला मुलगा म्हणतो, "बाबा, ईश्वर आहे हे आधी सिद्ध करून दाखवा, मग मी हात जोडीन." पित्याला क्रोध येतो, पण क्रोधाखाली भयही असते. पाश्चात्त्य देशांत ख्रिस्ती पंडित भरसभेत नास्तिकांशी वाद करून आपल्या धर्माचे मंडन करतात, हे त्याने ऐकलेले असते. ती विद्या आपणही शिकावी काय, असे त्याला वाटू लागते.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी वाद म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून होतो तो वाद. जिंकण्यासाठी छलादी साधनांनी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन ती वितंडा. विभूतियोगात भगवंतांनी आपली विभूती म्हणून यांपैकी वादाचा निर्देश केला आहे. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धी केली, तीही पाच आक्षेपांना पाच स्तबकांत उत्तर देऊन. आणि या विचारालाच त्यांनी मननरूप उपासना मानले. तेव्हा नास्तिकाचा आक्षेप ऐकून घेणे हा आपल्या परंपरेत अधर्म नव्हे.

ख्रिस्ती लोकांतही याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. १९४२ पासून ऑक्सफर्ड येथे सॉक्रेटिक क्लब नावाची सभा भरत असे. श्रद्धावंत व नास्तिक यांनी समोरासमोर बोलावे, हा तिचा हेतू. सी. एस. लुईस हे तिचे पहिले अध्यक्ष. तेही तरुणपणी नास्तिकच होते. १९४७ च्या 'मिरॅकल्स' या ग्रंथात त्यांनी असा युक्तिवाद केला की, जडसृष्टीपलीकडे काही नाही असे मानले, तर मनुष्याचे विचारही विवेकशून्य कारणांची कार्ये ठरतात. मग अशाच विचाराने निघालेल्या जडवादावर तरी विश्वास कसा ठेवावा? २ फेब्रुवारी १९४८ रोजी त्याच सभेत या युक्तिवादावर कठोर आघात झाला. आघात करणाऱ्या एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम मात्र नास्तिक नव्हत्या. त्या निष्ठावंत कॅथलिक होत्या. विचार कशामुळे उत्पन्न झाला हा एक प्रश्न, आणि तो कोणत्या आधाराने खरा ठरतो हा दुसरा. या दोहोंची येथे गल्लत झाली आहे, असा त्यांचा आक्षेप होता. लुईस यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले आणि सुधारलेली आवृत्ती १९६० मध्ये निघाली. या पुनर्लेखनात लुईस यांचा प्रामाणिकपणा दिसतो, असे पुढे अ‍ॅन्स्कम यांनीच म्हटले.

येथे कोणी म्हणेल, अशी माघार घेतल्याने सामान्य जनांचा बुद्धिभेद होणार नाही काय? गीतेनेही त्याविषयी सावध केले आहे. परंतु बुद्धिभेद होतो तो चूक कबूल केल्याने नव्हे, चूक झाकल्याने. वाळवी लागलेला वासा वेळीच बदलला तर घर टिकते. रंग देऊन ठेवला तर एके दिवशी घरातल्यांच्याच डोक्यावर येतो. युक्ती म्हणजे श्रद्धा नव्हे. युक्ती सदोष ठरली म्हणून श्रद्धेचा विषय असत्य ठरत नाही. आणि युक्ती जिंकली म्हणून श्रद्धा उत्पन्न होतेच, असेही नाही.

या दुसऱ्या गोष्टीची साक्ष महाराष्ट्रातच मिळते. जॉर्ज बोवेन हा अमेरिकन मनुष्य तारुण्यात नास्तिक होता. जिच्यावर त्याचे प्रेम होते, ती तरुणी १८४४ मध्ये निवर्तली आणि त्याच वर्षी तो श्रद्धेकडे वळला. १८४८ मध्ये तो मिशनरी होऊन मुंबईस आला. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले, त्यांत तो होता; त्यांचा इंग्रजी वृत्तांतही त्यानेच प्रसिद्ध केला. हा वाद नास्तिकांशी नव्हता, दोन श्रद्धांमधील होता. विष्णुबावा ख्रिस्ती झाले नाहीत, बोवेन वेदान्ती झाला नाही. बोवेनने मिशनचे वेतन सोडले आणि १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो मुंबईतच अत्यंत साधेपणाने राहिला. ज्यांना त्याचे मत पटले नाही, त्यांनाही या आचरणाचे खंडन करता आले नसते.

मानेसरच्या त्या पित्याने यातून काय घ्यावे? प्रथम मुलाची शंका त्याच्याहून चांगल्या शब्दांत मांडता येईल इतकी समजून घ्यावी. जे सांगता येईल ते सांगावे. जे येत नाही, तेथे "मला ठाऊक नाही" असे म्हणावे. भगवंतांचे भाषण आपल्या बुद्धीला मोह पाडते, असे अर्जुनाने तोंडावर म्हटले. तरी भगवंत रागावले नाहीत. शेवटी सर्व सांगून झाल्यावर त्यांनी निर्णय अर्जुनाच्याच विचारावर सोपविला. मुलाचे हात बळाने जोडवून घेतल्यास श्रद्धेचे रक्षण होत नाही. दिवा पित्याने स्वतः नित्य लावावा, आणि मुलाला त्या दिव्याजवळ प्रश्न घेऊन बसण्याची मोकळीक असावी.