चांद्याचा खांदा

आमच्या मानोऱ्याकडच्या घरांत भिंतीवर फोटो लागतो तो दोघांचाच, देवाचा नाहीतर गेलेल्या माणसाचा. जिवंत माणसाचा लावलाच तर लग्नातला, आणि तोही आतल्या खोलीत, आरशाच्या बाजूला. बैठकीतल्या चौकटीत कोणी कितीही हसत असो, पाहुणा आधी हार आहे का ते पाहतो आणि मगच विचारतो, "हे कोण?"

हे फोटोही फार जुने नाहीत. माझ्या लहानपणी माणूस गेला की घरचे लोक ट्रंकेतून एखादा वरातीतला फोटो हुडकून काढत आणि दिग्रसच्या नाहीतर कारंज्याच्या स्टुडिओत देत. त्यातलं बोराएवढं तोंड मोठं करायचं आणि वरून पेंटरनं रंगाचा हात फिरवायचा. चेहरा गिऱ्हाइकाचा, कपडे पेंटरचे. माझ्या आजोबांच्या अंगात असा एक काळा कोट आहे. जन्मभर धोतर-सदऱ्यावर राहिलेला माणूस मेल्यावर वकील झाला. त्याबद्दल घरात कधी कोणी तक्रार केली नाही. भिंतीवर जायचं तर माणसानं जरा बरं दिसावं, अशीच सगळ्यांची समजूत. आजीचा फोटो मात्र नाही. कोणत्याच वरातीत ती सापडली नाही. त्या वेळी ती चुलीपाशी असणार.

हे आधी सांगायचं कारण असं, की बाबांनी बैलाचं चित्र काढून घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा घरात जो वाद पेटला, तो बैलापेक्षा या भिंतीचा होता.

बैलाचं नाव चांद्या. अंगानं तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांद्या. दोन वर्षांचा गोऱ्हा होता तेव्हा बाबांनी बाजारातून आणला आणि पुढं चौदा वर्षं त्यानं वखर, तिफण, डवरा, बैलगाडी सगळं ओढलं. त्याचा जोडीदार पाखऱ्या आधी गेला. मग भावानं ट्रॅक्टर घेतला आणि चांद्या गोठ्यात बसून राहिला. बाबा काही संत नाहीत. आधीचे तीन बैल त्यांनी म्हातारपणी बाजार दाखवलेत. मार्च २०१५ नंतर राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला कोणी विचारेनासं झालं, हेही खरं. पण चांद्याला दावणीला ठेवण्यामागं फक्त कायदा होता असं मी म्हणणार नाही. बाबा रोज संध्याकाळी त्याच्यापाशी बाज टाकून बसत. दोघंही काही करत नसत.

पुतणी पुण्याला नोकरी करते. तिची मांजर मेली, तेव्हा तिनं मोबाइलमधला फोटो एका चित्रकाराला पाठवला आणि पेन्सिलीनं काढलेलं मांजरीचं चित्र कुरिअरनं घरपोच आलं. ते तिनं आम्हाला दाखवलं. बाबांनी मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं. "मिशा बी काढल्या रे," म्हणाले. दोन दिवसांनी जेवताना विचारलं, "आपल्या चांद्याचं काढता येईन का?"

भाऊ म्हणाला, हे शहरातले चोचले. मी मोबाइलवर चांद्याचे पाच-सात फोटो काढून बाबांपुढं धरले. बरगड्या दिसत होत्या, डोळ्यांतून पाणी. बाबांनी मान हलवली. "हा चांद्या नाही. हा चांद्याचा बाप दिसते." त्यांना हवा होता तो वखराला जुंपलेला, भरल्या अंगाचा चांद्या. त्या वेळी बैलाचा फोटो काढायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. त्यामुळे चित्र काढायचं तर सांगून काढायचं, समोर धरायला काही नाही.

चोचल्याचं म्हणाल तर ते मला पटत नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण, ज्याचा एक ताम्रपट आपल्या वर्ध्याजवळ देवळीला सापडला, त्याच्या काळातली, इसवी सन ९५० च्या आसपासची गोष्ट आहे. त्याचा मांडलिक बूतुग याच्याकडं मणलेर नावाचा एक वीर होता. लढाईतल्या पराक्रमावर खूश होऊन बूतुगानं त्याला काय हवं ते माग म्हटलं, तर गड्यानं काळी नावाचा कुत्रा मागितला. पुढं तो कुत्रा एका रानडुकराशी झुंजला आणि दोघंही मेले. मणलेरानं मंदिरासमोर दगड उभा केला, त्यावर कुत्रा आणि डुक्कर कोरून घेतले, जमीनही लावून दिली. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावचा तो दगड आज बेंगळूरुच्या संग्रहालयात आहे. आपल्या रायगडावरच्या वाघ्याचं उलट झालं. तिथला पुतळा १९३६ च्या सुमाराचा. त्याला काही इतिहास आहे की नाही यावर अजून भांडणं होतात, २०१२ मध्ये पुतळा उखडला गेला आणि पुन्हा बसवला गेला. वाघ्याचं तोंड कसं होतं हे कोणाला माहीत असायचं कारणच नाही. पण लोकांना त्याचं तोंड हवं होतं.

आणि लांब कशाला जा! पोहरादेवी आमच्याच तालुक्यात. तिथं सेवालाल महाराजांच्या मागोमाग त्यांच्या तोळाराम घोड्याचं आणि गराशा सांडाचं नाव घेतलं जातं. बंजारा समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला. लदेणी बंद पडून किती काळ लोटला, तरी नावं राहिली आहेत. शेजारच्या तांड्यावरचे एक नाईक बाबांना म्हणाले होते, "नाव घ्यायला कोणी उरत नाही तोवर जनावर मरत नाही." मला ते तेव्हा नुसतं बोलणं वाटलं.

आपल्याकडं बैलाची चित्रं कमी नाहीत. पोळ्याला मातीचे बैल, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी बैल, देवळात नंदी, निवडणुकीत बैलजोडीसुद्धा होऊन गेली. पण हे सगळे बैल म्हणजे कोणताही बैल. नंदीला हात जोडायला त्याच्याशी ओळख लागत नाही. एका विशिष्ट बैलाचं चित्र मागितलं की प्रश्न विचारले जातात, आणि ते अवघड असतात. हे आम्हाला पेंटर घरी आला तेव्हा कळलं.

हा पेंटर आधी दुकानांचे बोर्ड रंगवायचा. फ्लेक्स आले आणि त्याचं काम गेलं. आता ग्रामपंचायतींच्या भिंतींवर हागणदारीमुक्तीची आणि पाणी वाचवायची वाक्यं लिहितो. दीड बाय दोन फुटाच्या प्लायवर ऑइल पेंटनं काढायचं, पंधराशे रुपये, असं ठरलं. तो वही घेऊन ओसरीवर बसला आणि बाबांना विचारू लागला. बाबा भडभडा बोलले. वशिंड केवढं होतं, पाठ कशी सपाट, शेपटीचा गोंडा किती काळा, डावा मागचा पाय टाकताना कसा जरासा फेकायचा. पेंटर काढत गेला. मग म्हणाला, "आता तोंड सांगा. डोळे कसे? कपाळावरचा चांद गोल का लांबट? नाकपुडी काळी का भुरी?"

बाबा गप्प.

चांद लांबट असेल, म्हणाले. भाऊ म्हणाला, गोल. मग आई घरातून बोलली. चांद गोल नाही अन् लांबट नाही, खाली ओघळ आल्यासारखा होता, पाण्याचा थेंब खिडकीवर सुटते तसा. डाव्या डोळ्याच्या कडेला काळी रेघ होती. ढेप खाऊन झाली की वरचा ओठ एका बाजूनं उचलायचा. ती हात न थांबवता, भाजी निवडता निवडता सांगत होती.

चौदा वर्षं बाबांनी चांद्याला मागून पाहिलं होतं. वखरावर उभ्या असलेल्या माणसाला बैल म्हणजे पाठ, वशिंड, शेपूट. तोंड दिसतं ते वैरण टाकणाऱ्याला, पाणी दाखवणाऱ्याला. आमच्या घरात ते काम आईचं. म्हणजे 'माझा बैल' म्हणणाऱ्यानं तोंड पाहिलं नाही आणि जिनं पाहिलं ती कधी 'माझा बैल' म्हणाली नाही. असं प्रत्येक घरात असेल असं नाही. आमच्या घरात होतं.

खरं भांडण पुढंच झालं. पेंटरनं मान काढली आणि आईनं सांगितलं, "खांदा काढ. सुजला होता तो." बाबा एकदम म्हणाले, "नको. ते कायले?"

त्यामागची गोष्ट अशी. पाखऱ्या मेला त्या वर्षी सावडीनं शेजाऱ्याचा बैल घेऊन जोडी केली. तो उंच होता. जोडी समान नसली की जू तिरपं बसतं आणि बुटक्या बैलाच्या खांद्यावर ते घासतं. मृग तोंडावर आलेला, वखरणी राहिलेली. चांद्याचा खांदा सुजला, कातडं गेलं. बाबांनी तरी दोन दिवस जास्त जुंपला. मग डॉक्टर आले, मलम आलं, जखम भरली, पण तिथं केस पुन्हा उगवले नाहीत. तळहाताएवढी काळपट, घट्टे पडलेली जागा मरेपर्यंत राहिली.

बाबांचं म्हणणं, चित्र काही पंचनामा नाही, चांगलं तेवढं काढावं. आजोबांच्या अंगात कोट घालताना कोणी विचारलं होतं? त्यांच्या म्हणण्यात खोट काढणं सोपं नाही. प्रेमानं करून घेतलेल्या वस्तूत आपलाच गुन्हा का लिहून ठेवायचा? आई म्हणाली, "तो खांदा काढला नाही तर तो बैल दुसऱ्याचा हाय."

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा शेकतो, पळसाच्या पानानं हळद-तूप चोळतो, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणतो. शिंगं रंगवणं, झूल, मठाट्या, झडत्या हे सगळं दुसऱ्या दिवशी. आधी हात जातो तो खांद्यावर. म्हणजे ज्यांनी हा सण बसवला त्यांना जखम कुठं होते आणि ती कोण करतो हे पक्कं ठाऊक होतं, आणि सजवण्याच्या आधी तिथं हात लावायचा हेही त्यांनी ठरवून दिलं. वर्षातून एक दिवस तूप चोळल्यानं बाकीचे दिवस माफ होतात असं मला वाटत नाही. पण खांदा झाकून नुसती झूल घालणाऱ्यापेक्षा तो माणूस मला बरा वाटतो. बैल पाळणारा आपल्या प्रेमातून जू वजा करू शकत नाही. वेसण, खच्चीकरण, तुतारी हे सगळं त्याच हातांचं, ज्या हातांनी तो पुरणपोळी भरवतो. मांजरीच्या चित्रात ही अडचण येत नाही. पुतणीला तिनं मांजरीकडून काय करवून घेतलं ते आठवावं लागलं नाही.

आता तर हा प्रश्नच विझत चालला आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातले नर गोवंशाचे आकडे २०१२ पेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी खाली आले. ट्रॅक्टरला खांदा नसतो. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींचा कायदा उचलून धरला, त्यामुळे तिकडं पश्चिमेला काही बैलांचे वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. ते वेगळं कौतुक आहे. वखराच्या बैलाला फ्लेक्स नाही.

शेवटी पेंटरनं खांदा काढला. बाबा उठून गोठ्याकडं गेले, परत आले, आणि चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "आणखी जरा खाली होतं." एवढंच.

चित्र पूर्ण होऊन आलं त्या आठवड्यात चांद्या गेला आणि पंधरा दिवसांनी आत्या माहेरी आली. बैठकीत आजोबांच्या शेजारी खिळा ठोकलेला पाहून तिनं विचारलं, हा कोणासाठी? सांगितल्यावर ती चढत्या आवाजात नाही, साध्या आवाजात म्हणाली, "माह्या मायचा फोटू नाही या घरात. पन्नास वर्सं तिनं इथलं शेण काढलं, पाणी भरलं. अन् बैलाले चौकट?"

कोणापाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशी आजही नाही. जनावरावरच्या मायेनं माणसावरची माया कमी होत नाही वगैरे बोलता येतं, पण आत्यानं ते विचारलंच नव्हतं. तिचं विचारणं कष्टाचं होतं. चांद्याला चौकट मिळाली ती त्याच्या कष्टासाठी, मग त्याहून जुनं आणि मोठं खातं आधी का नाही उघडलं? मी एवढंच म्हणेन की आत्या बरोबर होती आणि चित्रही चूक नव्हतं.

चौकटीचे पैसे घ्यायला पेंटर आला होता, त्याला तिनं विचारलं, "मायचं काढशील का बापा? मी सांगतो." तो वही उघडून बसला. नाक कसं, कपाळ केवढं, हनुवटी कशी? आत्या सांगू लागली, कुंकू रुपयाएवढं, कानात बुगडी, पदर डोळ्यापर्यंत. हातावर गोंदण होतं, ते तिनं बोटानं स्वतःच्या हातावर काढून दाखवलं. पायाच्या भेगा सांगितल्या. नाकाशी येऊन थांबली. चुलीकडं तोंड करून बसलेल्या बाईची घराला पाठच दिसते. "आठवते," म्हणाली, "पण सांगता येत नाही." पेंटरनं बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली आणि मग वही मिटली.

चांद्याचं चित्र बैठकीत लागलं नाही. बाबांनीच ते उचलून मागच्या खोलीत नेलं, जिथं वखर आणि जू ठेवलंय. पेंटर तिथवर आला. चौकटीखाली पट्टी रिकामी होती, तिथं काय लिहायचं, जन्म कधीचा, असं त्यानं सवयीनं विचारलं. बाबांना बाजाराचा वार आठवत होता, वर्ष नाही. त्यानं नुसतं 'चांद्या' लिहिलं. दारात उभी असलेली आत्या म्हणाली, "मायची बी तारीख कोणाले माईत हाय."