प्रसूतीची पिशवी

गेल्या श्रावणात निपाणीस बहिणीच्या घरी गेलो होतो. भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नववा महिना लागताच डॉक्टरीणबाईंनी रुग्णालयाची पिशवी भरून दाराशी ठेवावयास सांगितले होते. त्याप्रमाणे ती सैल झगे, पंचे, दुपटी, टोपडी, तपासण्यांचे कागद आणि सरकारी ‘तायी कार्ड’ मांडून बसली होती. (कन्नडात तायी म्हणजे आई, मराठी कानास त्यात ताई ऐकू येते.) इतक्यात तिच्या आत्याआजी म्हणाल्या, “अगं, जो जीव अजून जन्मास आला नाही, त्याचे गाठोडे बांधू नये. देवाच्या हातचे आपण आधी मोजू नये.” भाची हसून म्हणाली, “मग आजी, अपरात्री कपाटे कोण उपसणार?”

वाद तेवढ्यावरच थांबला. प्रश्न मात्र मजसवे बेळगावपर्यंत आला. येणाऱ्या जिवासाठी आगाऊ तयारी करणे हा अहंकार आहे काय?

आत्याआजींचे म्हणणे केवळ अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. ज्या काळी कितीतरी घरांत पाळणा रिता होई, त्या काळी आधीच शिवून ठेवलेले अंगडे पेटीत पाहणे आईस किती जड गेले असेल! त्या निषेधात अज्ञानापेक्षा दयाच अधिक आहे. आनंदीबाई जोशी यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. एकाच दुःखाची ही दोन उत्तरे होत: एक हात आखडता घेण्याचे, दुसरे हातास विद्या देण्याचे.

शिवाय आपल्या परंपरेने तयारी कधी वर्ज्य मानलीच नाही. नवे अंगडे शिवू नये म्हणणारी आजीच जुनी मऊ लुगडी धुऊन, फाडून, घड्या घालून ठेवीत असे. ओटी (कोंकणीत ओंटी) भरतात तीही बाळ येण्याआधीच. कर्नाटक सरकारने २००७ च्या सुमारास गरीब बाळंतिणींस चादर, मच्छरदाणी, साबण इत्यादी वस्तूंची पिशवी देण्याची योजना काढली, तिचे नाव ‘मडिलु’, म्हणजे ओटीच!

तयारी म्हणजे अशुभाचे चिंतन, हाही आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळते. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १६२० बाळंतिणींवर एक मोठा अभ्यास झाला व तो २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रसूती होताच परिचारिका निम्म्या स्त्रियांस मिसोप्रोस्टॉल हे औषध व उरलेल्यांस निष्प्रभ गोळी देत. अर्धा लिटर वा अधिक रक्त जाण्याचे प्रमाण निष्प्रभ गोळी घेतलेल्यांत शेकडा १२ होते. औषध घेतलेल्यांत ते ६.४ वर आले. हे औषध रक्तस्राव सुरू होण्याची वाट पाहून दिलेले नव्हते. कोणास धोका होईल हे ठाऊक नसते, म्हणूनच ते आधी द्यावयाचे. यात कोणाचेही अशुभ चिंतिलेले नाही. उलट आपल्या अज्ञानाची प्रामाणिक कबुली आहे.

मग अहंकार कोठे असतो? तो फळावर हक्क सांगण्यात असतो. मुलगाच होणार असे गृहीत धरून नाव ठरविणे निराळे आणि जो कोणी येईल त्यास कोरडे दुपटे मिळावे म्हणून ते घडी करून ठेवणे निराळे. गीतेने फळाची आसक्ती सोडावयास सांगितले आहे, कर्म सोडावयास नव्हे.

परंतु भाचीची पिशवी पुन्हा डोळ्यांपुढे आली, तेव्हा ध्यानात आले की खरी तयारी पिशवीत मावणारी नाही. रात्री वाहन कोणाचे? रक्त लागल्यास देणार कोण? निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव दूर. अडचण आल्यास कोठे न्यावयाचे, आणि हा निर्णय घेण्यास थोरल्यांची वाट पाहत बसावयाचे काय? ही तयारी गर्भिणीने करावयाची नसून घराने करावयाची आहे. ती न करता “देवाच्या हातात आहे” असे म्हणणे ही श्रद्धा नव्हे. आपला भार देवावर लोटणे आहे.

पुढच्या खेपेस गेलो, तेव्हा पिशवी दाराशी होती. वर आत्याआजींच्या जुन्या लुगड्याच्या चार घड्या होत्या आणि पिशवीच्या बंदास एक चिठ्ठी बांधलेली होती. तीवर मोटारवाल्याचा क्रमांक होता व रक्त देण्यास तयार असलेल्या दोघा नातलगांची नावे होती. अक्षर मेहुण्यांचे होते.