वैशाखातला पाऊस आणि पापाचा हिशेब

मृगाचा पाऊस मृगात पडावा, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची धारणा. पण 2025 साली काय झाले? वैशाख सरला नव्हता, रोहिणी नुकत्याच लागल्या होत्या, तोच 26 मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत येऊन उभा राहिला. त्याची नेहमीची तारीख 11 जून! त्याआधीही अवकाळीने गावोगाव झोडपले होतेच. काढलेला कांदा चाळीत जायचा होता, तो शेतातच सडला.

मग पारावर बोलणे काय निघते? "पाप वाढलं, देव कोपला." बरे, पाप कोणाचे? ज्याचा कांदा सडला त्याचे? आणि ज्याचा कांदा आधीच चाळीत पडला, तो काय पुण्यवान? असे बोलणारे पुष्कळदा माळकरीच असतात, याचे फार वाईट वाटते.

कारण पाहू जाता ते उघड आहे. कोकण किनाऱ्याजवळ अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र झाले, आणि 24 मे रोजी ते रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आले. वारा आणि वाफ यांचा हा व्यवहार. त्याला माणसाचे नाव-गाव ठाऊक नसते.

आता कोणी विचारील, "महाराज, मग कर्माचा सिद्धांत खोटा का?" खोटा कसा असेल? पण तो ज्याने त्याने आपल्यापुरता लावावा. दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून पंचनामा करायचा तो तलाठ्याने, आणि तोही पिकाचा.

आपल्या तुकोबारायांचेच पाहा ना. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. पाऊस नाही, दाणा नाही. महाराजांची थोरली पत्नी उपासमारीने गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्या वेळी देहूतही कोणी म्हटलेच असेल, की वाण्याला पाप भोवले! हे शब्द तुकोबांविषयी आपल्या तोंडून निघतील का हो? मग गावच्या कांदेवाल्याविषयी कसे निघतात? आणि महाराजांनी पुढे काय केले? घरात लोकांकडून येणे असलेली खते होती. आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. लोक दुष्काळात होरपळलेले, त्यांच्याकडे वसुलीला कोणत्या तोंडाने जायचे? मंगळवेढ्यास दामाजीपंतांनी कोठार उघडले, तेव्हाही रांगेतल्या माणसाला त्याचे पाप-पुण्य विचारल्याचे ऐकिवात नाही.

आषाढीच्या वाटेवर असा पीक गेलेला माणूस आपल्या दिंडीत असतोच. तो बोलत नाही, पंगतीत मागे मागे बसतो. भिशी द्यायची वेळ आली की पाणी आणायला उठून जातो. दिंडीचालकांनी हे ओळखावे. चारचौघांत विचारू नये. ज्यांचे घर भरले आहे अशा दोघांनी मिळून त्याचा वाटा घालावा, आणि वहीत त्याच्या नावापुढे "पोहोचली" एवढेच लिहून पान उलटावे.