ग्रंथपालाचे ऋण

इस्लाममधील पहिले दिव्य प्रकटन वाचनाच्या आज्ञेने सुरू झाले. ती आज्ञा पाळणे आपल्या मुलांना ज्याच्यामुळे सुलभ होते, त्या शाळेच्या ग्रंथपालाची आठवण आपण किती वेळा ठेवतो?

२०२१ मध्ये आपल्याच औरंगाबादेत मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने मोहल्ल्यातील मुलांसाठी ग्रंथालय उघडले आणि ही चळवळ इतर मोहल्ल्यांतही पोहोचली. मोहल्ला असो वा शाळा, दिलेले पुस्तक परत आले तरच ग्रंथालय टिकते.

जो माणसांचे उपकार स्मरत नाही, तो अल्लाहचाही कृतज्ञ नसतो, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. १२ ऑगस्टच्या ग्रंथपालदिनी पुष्पगुच्छ अवश्य द्यावा. पण खरी कृतज्ञता त्याहून कठीण आहे. अमानत तिच्या हकदारांना पोहोचती करा, अशी कुरआनची आज्ञा आहे (सूरह अन्-निसा, आयत ५८). ग्रंथपाल तर केवळ राखणदार. घरात पडून राहिलेल्या पुस्तकावर हक असतो तो वाट पाहणाऱ्या दुसऱ्या बालकाचा. माणसांचे हक नुसत्या तौबेने फिटत नाहीत, ते परत करावे लागतात.

तेव्हा आजच घरातील फडताळ पाहा. शाळेचे पुस्तक सापडल्यास ते मुलाच्या हातूनच परत पाठवा, म्हणजे अमानतीचा धडा तो स्वतः शिकेल.